गोंदाने चिकटवलेलं पोस्टकार्ड

पोस्टमनने दुसऱ्याचं पत्र आयुष्यभर स्वतःच्या घरी का ठेवलं असेल?

मला माहीत नाही. वर्षभर विचार केला, तरी नाही.

आज वासुदेवकाकांना जाऊन एक वर्ष झालं. आमच्या सिहोऱ्याचे पोस्टमन. छंद एकच: पाडून टाकलेल्या स्टेडियमची जुनी पोस्टकार्डं जमवायची.

उभ्या असलेल्या स्टेडियमचं कार्ड ते घेतच नसत.

"ते पाहाले जाता येते ना. मंग कार्ड कायले?"

नागपूरच्या रद्दीवाल्यांकडून, कुणाकुणाशी टपालाने अदलाबदल करून त्यांनी लग्नाचा एक जुना अल्बम भरला होता. त्यातल्या मैदानांवर आता मॉल आहेत, पार्किंग आहे.

मागच्या वर्षी मी त्या कार्डांचे मोबाईलवर फोटो काढत होते. पुढून आणि मागून.

मागची बाजू काका हौसेने दाखवायचे. तिकीट, शिक्का, सगळं.

पहिल्या पानावरचं कार्ड मात्र चारही कोपऱ्यांना गोंद लावून चिकटवलेलं.

"ते राहू दे पोरी. फाटन."

काका चहा सांगायला आत गेले, तेवढ्यात मी पट्टीने ते सोडवलं. चोरूनच.

मागे पत्ता होता. पार्बताबाई, मु. पो. सिहोरा. म्हणजे आमच्या गल्लीतली पार्बता आजी.

मजकूर तिच्या भावाचा. "चित्रातल्या स्टेडियमवर गवत कापायचं काम मिळालं. इथेच लग्न केलं. आता गावी येणार नाही. वाट पाहू नको."

पार्बता आजी आजही भाऊबीजेला भावासाठी पाट मांडते. मग चंद्राला ओवाळून पाट उचलते.

"काका, हे तुमच्याकडे कसं?"

"तू काय डाकखात्याची इन्स्पेक्टर झालीस?" आधी हसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाचून देल्लं होतं तिले. तिनंच मले ठेवाले देल्लं."

मला पटलं नाही. मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं.

दोन महिन्यांनी काका गेले.

गेल्या आठवड्यात त्यांच्या सुनेने अल्बम आणून दिला. "बाबानं तुलेच द्याले सांगतलं होतं."

ते कार्ड त्यात तसंच सुटं होतं. मी आजीकडे गेले. कार्ड बॅगेतच ठेवलं.

"आजी, भावाचं पत्र आलं होतं का कधी?"

"आलं होतं ना. पोस्टमननं वाचून दाखवलं. मजेत आहो, सवड भेटली का येतो, असं लिवलं होतं."

"मग ते कुठे आहे?"

"मी मांगतलं. देवापाशी ठेवतो म्हटलं मी. तं म्हणे, चित्राचं कार्ड हापिसात जमा करा लागते."

असा नियम कुठेच नाही.

म्हणजे आजीला वाचून दाखवलं ते खोटं. मला सांगितलं तेही खोटं.

तिला दुःख नको म्हणून? की चित्र आवडलं म्हणून? की एक कार्ड लपवायचं होतं म्हणून बाकीची सगळी जमवली?

आणि मग मला आमच्या घराची आठवण आली.

घरात मी पहिली ग्रॅज्युएट. बाबांना वाचता येत नाही. आमचंही टपाल काकाच वाचून दाखवायचे.

बारावीनंतर बाबा माझं लग्न बघत होते. भंडाऱ्याच्या होस्टेलचं पत्र आलं, तेव्हा मी भाताच्या रोवणीला शेतात होते. संध्याकाळी घरी आले, तर बाबा एकदम तयार.

मी परवा विचारलं, "बाबा, काकांनी तेव्हा काय वाचलं होतं?"

"पोरीले धाडनं बंधनकारक आहे. नाई धाडलं तं चौकशी येईन. काहून?"

"काही नाही."

ते पत्र माझ्या फाइलमध्ये आहे. त्यात लिहिलंय, "इच्छुक असल्यास सात दिवसांत हजर राहावे."

माझी डिग्री काकांच्या या खोट्यावर उभी आहे.

 काकांना खोटारडं म्हणायचं, तर आधी होस्टेलचं पत्र समोर येतं.

काल आजीकडे पुन्हा गेले. कार्ड हातात दिलं आणि वाचून दाखवलं. शब्दन् शब्द.

आजी चित्रच बघत राहिली.

"एवढं सारं गवत तो एकटाच कापे?"

मग म्हणाली, "बायकोचं नाव लिवलं आहे का?"

"नाही आजी."

"तसाच आहे तो. अर्धवट."

पुन्हा एकदा वाचायला लावलं. मी निघाले, तेव्हा म्हणाली, "पोस्टमन जिता असता तं लय भांडली असती मी त्याच्यासंग."

मीसुद्धा.

कार्ड तिच्याकडेच ठेवून आले.

काका, संशय अजून गेलेला नाही. तरी गल्लीत सायकलची घंटी वाजली की मी दारात येते. तुम्हाला नमस्कार.

ही पोस्ट टाकण्याआधी आज सकाळी बाबांना वाचून दाखवली. होस्टेलच्या पत्राची ओळसुद्धा गाळली नाही.