मोरपंखीचा नाताळ

आमच्या घरी नाताळ साजरा करण्याआधी मी गुरुजींची रीतसर परवानगी घेतली होती.

हे वाचून हसू नका. आमचं ते सुतकाचं वर्ष होतं. फेब्रुवारीत माझे सासरे, दादा, गेले आणि वर्षभर सण बंद झाले. गुढी नाही, गणपती नाही, दिवाळीत आकाशकंदील नाही. देवदिवाळीला सगळी काशी दिव्यांनी फुलली होती, घाटांवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं एकच घर काळंकुट्ट उभं होतं. नावाड्यांनी ओळखायची खूण म्हणून वापरावं इतकं काळं!

पण खरा काळोख घरात होता. दादा गणिताचे मास्तर. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी हजेरी घ्यायची सवय गेली नव्हती. रोज दिवेलागणीला ते खोल्याखोल्यांतून फिरून बटणं दाबत आणि मोठ्यानं विचारत, "कोण कोण हजर?" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडत, "हजर!" बस. पन्नास वर्षांच्या संसारातला त्यांचा मुख्य संवाद हाच असावा. दादा गेल्यापासून आई संध्याकाळी मधल्या खोलीत खुर्चीवर बसायच्या आणि दिवा लावायच्याच नाहीत. मी बँकेतून सात वाजता यायची, तर अंधारात फक्त त्यांचा चष्मा दिसायचा.

"आई, दिवा नाही का लावायचा?"

"असू दे."

दहा महिन्यांत हे 'असू दे' मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मी यादी केली. (मी प्रत्येक गोष्टीची यादी करते. लग्नानंतर आम्ही फिरायला गेलो तेव्हाही केली होती. श्रीरंग अजून तो विषय काढतो.) पहिलंच काम लिहिलं: 'आईंसाठी संध्याकाळच्या उजेडाची सोय.' आणि पुढे खूण केली.

आता इथं माझी एक खोड सांगायला हवी. काम झाल्यावर खूण करणारे वेगळे. मी काम मनात पक्कं झालं की खूण करते, म्हणजे उत्साह टिकतो.

त्याच आठवड्यात मुक्ता, आमची लेक, लखनौच्या होस्टेलवरून सुट्टीला आली. येताना दिव्यांची एक माळ घेऊन आली. साधी नाही, फोनवरच्या ॲपने चालणारी. कधी लागायचं, कुठल्या रंगात लागायचं, सगळं फोनवरून सांगायचं.

"मम्मी, क्रिसमस ट्री लावू ना! आजीला बरं वाटेल. घर कसलं मनहूस झालंय!"

"वर्ष झालेलं नाही अजून. सण करत नाहीत."

"क्रिसमस आपला सण आहे कुठे?"

मुद्दा बिनतोड होता. तरी मी गुरुजींना फोन केला. पलीकडून पोथीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "वहिनी, शास्त्रात नाताळाचा निषेध नाही. उल्लेखच नाही, तर निषेध कुठून असणार? करा, भई."

आता झाड हवं. गच्चीवर दादांची मोरपंखी होती, मोठ्या सिमेंटच्या कुंडीत, माणसाएवढी उंच आणि खाली घेरदार, वर निमुळती. इकडे तिला 'विद्या' म्हणतात. तिची फांदी पुस्तकात ठेवली की पास होतो, अशी गल्लीतल्या पोरांची श्रद्धा. परीक्षेच्या दिवसांत दादा एकेकाला फांदी तोडून द्यायचे आणि वर म्हणायचे, "पण धडाही वाच, गाढवा." नाताळाचं झाड म्हणून तिच्याइतकं लायक झाड बनारसमध्ये दुसरं नव्हतं.

मात्र गच्चीवर दिवे लावणं अशक्य. आमच्याकडची माकडं वाळत घातलेली साडी सोडत नाहीत, तर माळ काय सोडतील! तेव्हा श्रीरंगनं आणि दोन हमालांनी मिळून कुंडी जिन्यावरून खाली मधल्या खोलीत आणली. श्रीरंगची कंबर त्याच जिन्यात राहिली. झाड भिंतीच्या कोपऱ्यात, वर दादांचा फोटो, समोर आईंची खुर्ची.

"आई, कसं वाटतंय?"

आईंनी झाडाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. "असू दे," म्हणाल्या.

मी मागे हटणारी नव्हे. ॲपमध्ये वेळ लावली: रोज संध्याकाळी साडेपाचला दिवे सुरू. म्हणजे आईंना उठायलाही नको! वीज गेली तर काय, म्हणून माळ इन्व्हर्टरच्या लाइनवर टाकली. कुणाचा पाय अडकू नये म्हणून प्लग कुंडीच्या मागे, भिंतीला चिकटवला. मग सगळं नीट चालतं का हे पाहायला नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी बाराची एक चाचणी वेळ लावली आणि बँकेतून घरी फोन केला. मुक्ता ओरडली, "मम्मी, लागलं! मी पार्टी मोड टाकलाय, आवाजावर नाचतंय!"

यादीत मी लगेच लिहिलं: 'बाराची वेळ काढून टाकणे.' आणि पुढे खूण केली.

नाताळच्याच दिवशी दादांचं दहाव्या महिन्याचं श्राद्ध आलं. माझी तयारी चोख होती. तीळ, दर्भ, पत्रावळी, गाईचं दूध. श्राद्धात फोन वाजू नयेत म्हणून मी सकाळीच सगळ्यांचे फोन गोळा करून लाडवांच्या रिकाम्या डब्यात घातले आणि डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग सोवळं नेसून वडे तळायला बसले. सोवळ्यात शिवून घ्यायचं नाही, म्हणजे फोन, कपाट, किल्ली, नवरा, सगळंच वर्ज्य.

मधल्या खोलीत गुरुजी आणि श्रीरंग समोरासमोर. पिंड मांडलेले, अगदी झाडासमोर, कारण खोलीत दुसरी जागाच नव्हती. आई खुर्चीवर. गुरुजींचा आवाज मुळात नदीपलीकडे पोचेल असा. घड्याळात बाराचे ठोके पडले.

आणि झाड नाचू लागलं.

मला स्वयंपाकघराच्या दारातून दिसत होतं. गुरुजी म्हणाले, "अपसव्य करा," आणि झाड लाल झालं. श्रीरंग दचकून "काय?" म्हणाला, तर हिरवं झालं. गुरुजींना खोकला आला. तेव्हा ते सगळ्या रंगांत एकदम फुटलं.

"मुक्ता! बंद कर ते!" मी ओरडले. (जांभळं.)

"फोन कुठंय माझा?" (पिवळं.)

"डब्यात! कपाटात!"

"किल्ली?"

किल्ली नेमकी कुठल्या साडीच्या पदराच्या गाठीत राहिली हे आठवायला मला चार वडे जळावे लागले. तोवर मुक्ता प्लगकडे धावली, पण एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पिंड. "ओलांडायचं नाही!" गुरुजी ताडकन उठून गरजले. झाडानं त्यांना अशी साथ दिली की गुरुजी स्वतःच घाबरून खाली बसले.

"मेन बंद कर, मेन!" श्रीरंग ओरडला. तो स्वतः उठू शकत नव्हता, बोटात दर्भाचं पवित्रक, हातावर तीळ. मुक्तानं मेन स्विच पाडला. घरातला गिझर, फ्रिज, देवघरातला बल्ब, सगळं थांबलं. झाड चालू! इन्व्हर्टरवर टाकलं होतं ना मी, दूरदृष्टीनं, आणि तो इन्व्हर्टरही झाडामागच्याच कोपऱ्यात.

शेवटी किल्ली सापडली. पण मुक्ताच्या फोनची बॅटरी संपलेली. माझा फोन माझा चेहरा पाहून उघडतो (पिन कुठल्याशा यादीत आहे). मी शिवणार कशी? मुक्तानं तो दोन हातांवरून माझ्यासमोर धरला. डोक्यावरून पदर, कपाळावर घाम, गालाला पीठ. फोननं मला दोनदा नीट निरखलं आणि ओळख द्यायला नकार दिला. एवीतेवी त्या क्षणी मीही मला ओळख दिली नसती.

शेजारच्या गच्चीवरून पांडे चाचींनी आमच्या खिडकीत डोकावून विचारलं, "का हो बहू, बियाह बा का घर में?"

"लग्न नाही चाची, श्राद्ध आहे!"

चाचींनी खिडकीतून एकवार झाडाकडे पाहिलं आणि हात जोडून मागच्या मागे गेल्या.

गुरुजी मात्र कसलेले. त्यांनी आवाज उतरवला. झाड मंद झालं. आणखी उतरवला, झाड लुकलुकत राहिलं. अशा रीतीनं, चोरासारखं कुजबुजत, त्यांनी अर्धं श्राद्ध ओढत नेलं. पण पितरांची नावं काही कुजबुजून घेता येत नाहीत. पणजोबांचं नाव आलं, झाड निळं झालं. आजोबांचं आलं, केशरी झालं. मग दादांचं नाव आलं. श्रीरंगचा आवाज चिरकला आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सगळं झाड पांढरं लखलखलं. फोटोतले दादा त्या उजेडात असे दिसले, जणू आता विचारतील, कोण कोण हजर?

आई खुर्चीवरून उठल्या. खोलीबाहेर गेल्या, आणि जिन्यावर त्यांच्या पावलांचा आवाज आला. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा.

घरात इतकी शांतता पसरली की झाडही विझलं.

दहा महिन्यांत मी पुष्कळ वाईट दिवस पाहिले होते. पण ज्या बाईला बरं वाटावं म्हणून हा खटाटोप, तिला मी तिच्या नवऱ्याच्या श्राद्धातून उठवून लावलं, असा दिवस यादीतही नव्हता. मी कढई उतरवली, कावळ्यासाठी वाढलेलं पान उचललं आणि गच्चीवर गेले. मागोमाग सगळे आले.

कुंडी होती तिथं फरशीवर एक गोल डाग राहिला होता. आई त्याच्याजवळ उभ्या होत्या. धापा टाकत होत्या.

"आई, चुकलं माझं. दहा महिन्यांत तुम्ही पहिल्यांदा वर आलात, आणि तेही अशा..."

"पहिल्यांदा?" आई माझ्याकडे वळल्या. "रोज येते मी. तू बँकेत गेलीस की. झाडाला पाणी कोण घालत होतं?"

"मुक्ता," मी म्हटलं. "घरकामाच्या यादीत आहे."

"मम्मी, मी लखनौला होते," मुक्ता हळूच म्हणाली.

दहा महिने मी दर आठवड्याला त्या कामापुढे खूण करत होते!

"गुडघा मोडत वर यायची मी," आई म्हणाल्या. "पाणी घालायची, दोन शब्द बोलायची. ऊन मिळायचं त्याला, मलाही. ते तुम्ही उचललंत, खाली काळोखात नेऊन कोंबलंत, आणि वर त्याला दिवे लावलेत! वृंदा, अगं मला विचारायचं तरी."

विचारणं. यादीत ते काम कुठंच नव्हतं.

मी पान कठड्यावर ठेवलं. समोर विजेच्या तारेवर कावळा होता. तो पानाकडे पाहीना, शिवेना. श्रीरंगनं हात जोडले. "दादा, झाड उद्या परत वर आणतो." कावळ्यानं मान फिरवली. "आजच आणतो." (इथं त्यानं कंबर धरली.) काही नाही. "मुक्ताला पुढं शिकवतो." मुक्ता म्हणाली, "बाबा, ते तर शिकवणारच होतात ना?" गुरुजी सावलीत सरकले. पाऊण तास गेला. वडे गार झाले.

शेवटी आई पुढे झाल्या. पदर खोचला.

"कळलं मला," त्या तारेकडे पाहून म्हणाल्या. "अंधारात बसते म्हणून फुगलात ना? नाही बसत. आजपासून दिवा मी लावीन. हजेरीही मी घेईन. आता या मुकाट्यानं, पोरं उपाशी आहेत."

कावळा उतरला. वड्याला चोच लावली न लावली तोच टाकीमागून एक माकड आलं आणि पत्रावळीसकट सगळं घेऊन गेलं.

आम्ही गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनाही भूक लागली होती. "स्पर्श झालेला आहे," ते ठामपणे म्हणाले. "पुढचं काशीवर सोडा."

संध्याकाळी मी आतल्या खोलीत ॲपमधल्या वेळा एकेक करून पुसत बसले होते. बाहेर बटणाचा आवाज आला. साधं, भिंतीवरचं, खट्ट वाजणारं बटण. मग आईंचा आवाज, जरा कापरा.

"कोण कोण हजर?"

"हजर!" श्रीरंग पलंगावरून, कमरेला शेक देत.

"प्रेझेंट, आजी!"

"वृंदा?"

"आले, आले, एक मिनिट!"

"वृंदा गैरहजर," आई म्हणाल्या.

मी धावत बाहेर आले. त्या दिव्याखाली उभ्या होत्या. डोळे सुजलेले होते, पण चष्म्याबरोबर चेहराही दिसत होता.

"बघ, झाली उजेडाची सोय," त्या म्हणाल्या. "आण तुझी यादी, कर त्यापुढे खूण."

मी यादी काढली, पेन उघडलं आणि तशीच उभी राहिले. खूण मी आठवड्यापूर्वीच करून ठेवली होती.