थर बसला त्या दुपारी

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझं पोस्टिंग कोकण किनाऱ्यावरच्या एका टेकडीवर झालं. मी लष्कराच्या सिग्नल्स दलातला हवालदार, घर नाशिकच्या सातपूरला. तुकडीत नायक भास्कर गांगुर्डे होता, पंचवटीचा, जिथे गोदावरीला गंगाच म्हणतात. त्याचे वडील बाजारात भाजी विकायचे. दोघेही नाशिककर, त्यामुळे जेवायला एकत्रच बसायचो.

उन्हाळ्यात जमिनीवरून वारा सुटला की तापलेली कोरडी हवा समुद्राच्या दमट हवेवर पसरते. रेडिओच्या लहरी त्या थराखाली अडकतात आणि पाण्यालगत फार लांब जातात. आम्ही म्हणायचो, थर बसला. रडारच्या पडद्यावर लाटा किती दूरपर्यंत उमटतात, त्यावरून किनाऱ्यावर बसूनच थराचा अंदाज काढायचा, हे आमचं काम. पडताळणीसाठी भास्कर वायरलेस सेट आणि उपकरणं घेऊन भाड्याच्या होडीतून जायचा. होडी एक वयस्क नाखवा चालवायचे.

मार्चमधल्या एका दुपारी थर बसला. पडदा लाटांनी भरला, होडी त्यात ओळखू येईना. थोड्या वेळाने सेटवर भास्कर आला.

“इंजिन बंद. फळी फुटलीय, पाणी आत येतंय. ओव्हर.”

“किनारा दिसतो का? ओव्हर.”

“सगळं धुरकट आहे. ओव्हर.”

दारात उभा राहून बोलावं तसा आवाज होता. जेट्टीवरचे ड्युटी ऑफिसर फोनवर म्हणाले, “इतका स्पष्ट येतोय म्हणजे खाडीच्या तोंडाशीच असणार.” बचावाची लाँच तिकडे गेली.

मी आमच्या तुकडीचे अधिकारी कॅप्टन नायर यांना म्हणालो, “सर, आज आवाजावरून अंतर धरता येणार नाही.”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. लाँच बाहेरच्या समुद्राकडे वळली, पण तोवर बराच वेळ गेला होता.

“भास्कर, लाँच येतेय. लाइफ जॅकेट घातलंस का? ओव्हर.”

“एकच हाती लागलं, ते नाखव्यांना घातलं. ऐकत नव्हते, दम द्यावा लागला. माझी काळजी नको, गंगेत पोहलेला आहे मी. ओव्हर.”

त्यानंतर सेट बोलला नाही. मी अंधार पडेपर्यंत हाका मारत होतो.

सकाळी नाखवा जिवंत सापडले. भास्कर सापडला नाही. आवाजावरून अंतर ठरवू नये, असा आदेश पुढे निघाला.

त्याची ट्रंक घेऊन मी पंचवटीत गेलो. वडिलांनी विचारलं, “शेवटचं तू ऐकलंस?”

“हो अण्णा. स्पष्ट ऐकू आलं.”

“स्पष्ट म्हणजे जवळच असंल ना. मग आणता कसा नाय आला?”

मी थराचं सांगू लागलो. ते मान हलवत होते, पण त्यांना पटत नव्हतं. आतून भास्करच्या आईने विचारलं, “त्या नाखव्याला लेकरंबाळं हायेत का?”

“आहेत. नातवंडंही आहेत.”

“बरं झालं,” ती म्हणाली.

पुढच्या वर्षी नाखवा नाशिकला आले. मी सुट्टीवर होतो, त्यांना द्वारका चौकातून रिक्षाने भास्करच्या घरी नेलं. भास्करच्या फोटोसमोर ते बराच वेळ बसले. अण्णांनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. समुद्राचा विषय कोणी काढला नाही. अण्णा भास्करच्या लहानपणचं सांगत राहिले, आणि नाखवा खाली मान घालून ऐकत राहिले.