तांडेलाच्या जीपचा रेडिओ

"बोल गं, लाजतेस कशाला," असं म्हणून तो रेडिओच्या डोक्यावर थाप मारायचा. रेडिओ काय बोलायचा नाय. तापल्या तव्यावर सुकट टाकल्यासारखा नुसता खरखरायचा. मग तो मागं वळून आमच्याकडे बघायचा, जशी काय ती खरखर आमीच घरून पदरात बांधून आणलीय.

आमी म्हणजे सातपाटीच्या चार-पाच कोळणी. पालघरच्या बाजारात बसायला जागा मिळेना, म्हणून आमी बोईसर धरलं. सकाळी पाट्या जीपच्या टपावर, आमी आत, आणि पुढं हा. आमी त्याला तांडेल म्हणायचो. होडीवरचा मुख्य तो तांडेल. हा होडीवर होता तेव्हा साधा खलाशी होता, जाळी ओढायचा आणि भात करपवायचा. जीप घेतली तसा एकदम तांडेल झाला. हातात चाक आलं की माणसाला आपोआप बढती मिळते, तुमीपण बघितली असतील अशी माणसं.

त्याची एक खोड सांगते. पावसाळा सरत आला की गावात होड्या रंगवायला काढतात. तेव्हा हा जीप रंगवायला काढायचा. रंगपण होडीचाच, हिरवा आणि लाल. दिवे खोलायचा, आरसे खोलायचा, टपावरचा एरियल खोलायचा, सगळ्याच्या खाली रंग मारायचा आणि वर परत बसवायचा. एक फट सोडायचा नाय. माणसं वयानं वाळत जातात, त्याची जीप वर्षागणिक जाड होत गेली.

हसू येतं, पण त्याला कारण होतं. माझा माणूस आणि हा एकाच होडीवर होते. होडीच्या तळाला एका जागी रंगाचा हात पोचला नव्हता, तिथं फळी कुजली आणि भर दर्यात पाणी आत आलं. याला दुसऱ्या होडीवाल्यांनी वर काढला. माझा माणूस काढायला उरला नाय. मी रडायचं तेवढं रडले आणि पाटी उचलली. पोरांना भूक लागायची, ती काय सुतक पाळत नव्हती. याने दर्या सोडला. रंगाचा डबा तेवढा सोडला नाय.

तर रेडिओ. जीप उभी असली की थोडं ऐकू यायचं. एक्सलेटर दाबला की रेडिओ असा किंचाळायचा की पाटीतलं मेलेलं म्हावरं उठून बसेल. तांडेलाकडे कारणांना तोटा नव्हता. कधी म्हणायचा, विजेच्या मोठ्या तारा आडव्या येतात. कधी म्हणायचा, तुमच्या बांगड्यांनी आवाज तुटतो. एकदा म्हणाला, पापलेट भरलं असलं की रेडिओ साफ लागतो, बोंबील असले की खरखरतो. पापलेट आमच्या पाटीत वर्षाकाठी किती वेळा असतं ते तुमी समजून घ्या. त्याने दोनदा रेडिओ बदलला, एकदा स्पीकर बदलले. खरखर होती तिथंच होती, घरजावयासारखी.

हे असंच चाललं असतं, पण मधे त्याची लेक आली.

बायको लवकर गेली, म्हणून पोरीला यानेच वाढवली. भाकरी थापून, वेण्या घालून. वेण्यापण जाळं विणल्यासारख्या घट्ट, पोरीचे डोळे ताणलेले असायचे. मोठी झाली आणि तिने कारखान्यातल्या एका घाटावरच्या पोराशी लग्न केलं. बोईसरला राहायला गेली. पोरगा चांगला होता, दारू नाय, काय नाय. पण तांडेलाला विचारलं नव्हतं ना. त्याने भर गल्लीत उभं राहून सगळ्यांना ऐकवलं, मेलो तरी तिचं तोंड बघणार नाय. गल्लीतली माणसं पण अशी गुणाची, कुणी म्हटलं नाय की बाबा, गिळ तो शब्द. उलट रोज विचारायची, पाळतोस ना रे?

लेक म्हावरं माझ्याकडूनच घ्यायची. एक दिवस म्हणाली, मावशी, मुंबईच्या रेडिओवर बायांच्या कार्यक्रमात मला बोलावलंय. रेकॉर्डिंग आधीच करून घेतात, बुधवारी दुपारी लागेल, सुक्या बोंबलाचं कालवण सांगणार हाय. वर म्हणाली, बाबांना सांगू नका. सांगू नका म्हणजे काय ते कळायला मला तिसरीपर्यंतची शाळा पुष्कळ झाली. परतीच्या वाटेवर मी सांगून टाकलं.

तांडेलाने वाटेतल्या उमरोळीपर्यंत जीप बैलगाडीसारखी चालवली. मग मला म्हणाला, "वयनी, मी तोंड बघणार नाय म्हटलंय. आवाज ऐकणार नाय असं नाय म्हटलं."

मी म्हटलं, मग घरी रेडिओ लावून ऐक. तर म्हणतो, घरी लावला तर मुद्दाम ऐकल्यासारखं होईल. गाडीत काय, रेडिओ चालूच असतो, त्यात कोण येऊन बोलतंय ते काय माझ्या हातात हाय? वकील व्हायचा तो खलाशी झाला बघा.

पण असल्या रेडिओवर लेक काय ऐकणार? सगळं कालवण खरखरीत बुडालं असतं. मंगळवारी बाजार उरकला तसा तो आपल्या पायाने गाडीत टेप बसवणाऱ्या माणसाकडे गेला. बोईसरातच दुकान होतं त्याचं. आमालापण बरोबर नेलं, कारण आमाला सोडून गेला असता तर आमी त्याला सोडला नसता.

तो दुकानदार टपावर चढला, एरियल हलवून बघितला, त्याच्या बुडाशी नख मारलं. रंगाची खपली निघाली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. म्हणाला, "चाचा, ये गाड़ी है कि नाव?" मग त्याने स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक एरियलच्या बुडाला लावलं आणि दुसरं टोक पत्र्याच्या उघड्या स्क्रूला. त्या क्षणी रेडिओवर बाई गायला लागली, साफ, जशी आमच्या मांडीवर बसून गातेय. टोक काढलं की खरखर. तांडेलाने त्याला हे इतक्या वेळा करायला लावलं की तो वैतागून खाली उतरला.

दोष असा होता. एरियलचं बूड गाडीच्या पत्र्याला टेकायला लागतं, त्याला अर्थिंग म्हणतात. याच्या गाडीत ते पत्र्याला टेकतच नव्हतं, मधे तांडेलाची माया होती, थरावर थर. नट ढिला करायचा, खालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडायचा, परत आवळायचं. एवढंच काम.

तांडेल म्हणाला, रंगाला हात लावायचा नाय. आमच्या पाट्यांचं खारं पाणी रोज टपावर गळतं, उघडा पत्रा खाऊन टाकेल. दुकानदार म्हणाला, वरून ग्रीस फासतो. तरी नाय. कार्यक्रम उद्यावर आलेला, आणि हा जीपला पाठ टेकून हात पसरून उभा, कोणी गाडी मारायला आल्यासारखा. बाकीच्या बायका हसत होत्या. मला नाय हसू आलं. त्याच्या तोंडावर मला ती होडी दिसली.

मी पुढं झाले. म्हटलं, "माझा माणूस गेला त्या होडीत. मी सांगते, खरवड. हा पत्रा हाय, बोईसरच्या रस्त्यावर कोण बुडत नाय."

त्याने पसरलेले हात खाली घेतले. मग दुकानदाराच्या हातातला पॉलिश पेपर घेतला आणि स्वतः टपावर चढला. हळूहळू घासला, लहान पोराच्या गुडघ्यावरची खपली काढतात तसा. वर ग्रीस मात्र इतकं फासलं की अख्खी जीप तळून निघाली असती.

बुधवारी दुपारी त्याने उमरोळीच्या अलीकडे झाडाखाली गाडी घेतली. आमी पाट्यांसकट गप्प. लेकीचा आवाज आला. कशी बोलत होती, एकदम शहरी, आमचं 'हाय', 'नाय' सगळं सोडून. म्हणाली, हे कालवण मी माझ्या बाबांकडून शिकले. तांडेलाने आवाज आणखी वाढवला. पुढं म्हणाली, मग यात दोन चमचे शेंगदाण्याचा कूट घाला.

तांडेल उडालाच. "बोंबलात शेंगदाणे? मी शिकवले? मी?"

रेडिओला हात जोडले असते तरी तो काय कालवण सुधारून सांगणार होता? तांडेलाने जीप चालू केली, वळवली, आणि परत बोईसरला. आमाला विचारलंपण नाय. वाटभर एकच, बापाचं नाव घेऊन घाटावरचं कालवण सांगते, सगळ्या मुलखाला.

तिच्या बिल्डिंगखाली गाडी लावली आणि मला वर पाठवलं. लेक धावत खाली आली, हाताला पीठ तसंच. ती मागच्या खिडकीशी उभी राहिली आणि हा पुढं तोंड करून, समोरच्या भिंतीला विचारतोय, शेंगदाणे कुठून आले? ती म्हणाली, ह्यांना आवडतात. हा म्हणाला, मग ह्यांचं नाव सांगायचं, माझं कशाला? ती हसत होती, डोळे पुसत होती. याने मान वळवली नाय. शब्दाचा पक्का माणूस.

मी मधल्या सीटवर बसले होते, म्हणून मला दिसलं. त्याने पुढचा आरसा खाली ओढून बरोबर मागच्या खिडकीवर लावला होता. मी आरशात बघितलं तर आरशातून तोच मला दटावत होता, गप्प बस म्हणून.

त्यानंतर प्रत्येक बाजाराच्या दिवशी जीप त्या बिल्डिंगखाली थांबायची. भांडण शेंगदाण्यावरून सुरू व्हायचं आणि कुठंपण जायचं. आरसा त्याने कधी सरळ केला नाय. मागून येणारा ट्रक त्याला दिसायचा नाय, आमी जीव मुठीत धरून बसायचो. पण त्याला सांगणार कोण?

गेल्या हिवाळ्यात तो गेला. झोपेतच गेला, कुणाला त्रास न देता, आयुष्यात पहिल्यांदा. लेक आली, त्याच्या तोंडाशी बसून राहिली. गल्लीतल्या एकीने माझ्या कानात म्हटलं, बघ, शेवटपर्यंत शब्द पाळला. मी म्हटलं, हो बाई, पाळला.

जीप लेकीने बोईसरच्या एका ड्रायव्हरला दिली. आमी अजून तिच्यातूनच जातो. पहिल्या दिवशी तो चाकावर बसला, वर बघितलं आणि मला म्हणाला, "मावशी, ये शीशा किसने टेढ़ा किया?"

मी म्हटलं, रस्ता खराब हाय.

त्याने आरसा सरळ केला. आता त्यात मागचे ट्रक दिसतात.