पांढऱ्या कपड्यातला चोर

हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, कारण मी जी माती खाल्ली ती अख्ख्या वरकुटे गावानं बघितली.

माझा दादा जत्रेत देवळाच्या भिंतीवर जुने मुके पिक्चर दाखवायचा. मधेमधे इंग्रजी अक्षरं यायची, तेव्हा तो माईकवर गोष्ट सांगायचा. दादा दिवाळीत गेला. त्याची चप्पल अजून दारातच आहे, कुणी हलवत नाही. मी ठरवलं, त्याचा पिक्चर बंद पडू द्यायचा नाही.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, आधी एकदा बघून तरी घ्या."

"बघायचं काय त्यात? दादाचाच भाऊ हाय मी."

माझी शाळा सहावीतच सुटलेली. इंग्रजी म्हणजे मला मुंग्यांची रांग. या पिक्चरबद्दल दादानं एवढंच सांगितलं होतं, पुढाऱ्याच्या लाचेची बातमी पेपरात येणार असते आणि बातमीदारच गायब होतो.

पिक्चर सुरू झाला. कडक पांढऱ्या सुटातला एक माणूस आला. आता मला सांगा, आपल्याकडं कडक पांढऱ्यात कोण फिरतं?

"हाच तो लाचखाऊ पुढारी," मी माईकवर ठोकून दिलं. चष्मेवाल्या संपादकाला देवमाणूस करून टाकलं.

लोक रंगले. पांढरा कुणाच्या खिडकीत डोकावला की मी म्हणायचो, "आला बघा मतं मागायला."

"मुडद्या, रस्ता कुठाय?" एक म्हातारी भिंतीवर खेकसली.

पुढच्या खुर्चीत सोसायटीचे चेअरमन तात्या, तेही कडक पांढऱ्यात. त्यांनी हळूच शाल पांघरली. "पोरा, मला बोलतुयास व्हय?"

"न्हाय तात्या. तुमची टोपी हाय, त्याची हॅट हाय."

शेवटी पोलीस आले आणि बेड्या पडल्या संपादकाला. पांढऱ्याशी पोलिसांच्या साहेबानं हात मिळवला. तो गुप्तहेर होता हो! बातमीदाराला संपादकानंच कोंडलेलं.

सगळं देऊळ माझ्याकडं बघतंय. दादाचं नाव बुडायला आलेलं. मी माईक घट्ट धरला.

"मंडळी, पुढाऱ्यानं पोलीसबी फोडला!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! तात्यासुद्धा म्हणाले, "ह्ये मातुर पटलं."

घरी छाती फुगवून वहिनीला म्हणालो, "बघा, इंग्रजी न येता दादाची जागा चालवली."

वहिनी पदर तोंडाला लावून हसत सुटली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच.

"त्यांना तरी कुठं इंग्रजी येत हुतं? त्येबी मनानंच ठोकायचे," ती म्हणाली. "पण भाऊजी, त्यांचा चोर शेवटाला चोरच निघायचा."