आठी उतरली तेव्हा

आमची आई पेणजवळच्या खाडीकाठी मिठागरावर कामाला जायची. लग्न होऊन गावात आली त्या वर्षी जी उतरली, ती गुडघे बोलायला लागेपर्यंत. वरून ऊन आणि खालून मिठाचा पांढरा रखरखाट. मिठागरावरची सगळीच माणसं डोळे बारीक करून, भुवया आवळून बघत. घरी आल्यावर काहींचे चेहरे सैल व्हायचे. आईचा होत नसे. तिच्या दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या, खोल रेघा कायमच्या बसल्या होत्या. बाबा गेल्यावर कुंकू गेलं आणि त्या मोकळ्या कपाळावर ती आठी तेवढी उरली.

आम्ही मुलं त्या आठीला भिऊन वाढलो. आई मारायची नाही, ओरडायचीही क्वचित. पण तिच्याकडे काही मागायला गेलं की आधी कपाळ दिसायचं आणि आम्ही मागे फिरायचो. उन्हाने ती आठी पडली आहे हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून भीती जात नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मुंबईत एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे मदतनीस होते. नवरा आणि मी एका खोलीत राहायचो. त्या वर्षी आषाढात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मुंबईत करून घेतलं आणि तिला माझ्याकडेच ठेवलं. डोळा बरा झाल्यावर एक दिवस तिला घरी एकटीला करमेना म्हणून क्लिनिकमध्ये घेऊन गेले.

आमच्याकडे तेव्हा सुरकुत्यांवर एक नवीन इंजेक्शन सुरू झालं होतं. ते घ्यायला मोटारीतून बायका यायच्या. औषध पावडरीच्या रूपात यायचं, सलाइनमध्ये कालवलं की फार वेळ ठेवता येत नसे. त्या दिवशी एक बाई अर्धवट घेऊन उठल्या, बाकीचं नको म्हणाल्या. बाटलीत औषध उरलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, बाकावर बसलेल्या आईकडे बघून हसल्या.

"आई, रागावलात का कुणावर?"

"नाय गो बाय. माझं तोंडच तसं हाय."

बाईंनी आईचं कपाळ बोटांनी चाचपलं आणि म्हणाल्या, "हे उरलेलं टाकूनच द्यायचं आहे. तुमची इच्छा असेल तर तुम्हाला देते." मग आईला कळेल अशा भाषेत त्यांनी सगळं सांगितलं. भुवया आत ओढणारे स्नायू इथे असतात. नसेतून निरोप आला की ते आवळतात. हे औषध तो निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही. मग स्नायू सैल पडतो आणि वरची कातडी पसरते. खूप जुन्या रेघा अगदी पुसल्या जात नाहीत, पण फिक्या होतात. तीन-चार महिन्यांनी निरोप पुन्हा पोचायला लागतो आणि सगळं पहिल्यासारखं. कधी कुणाची पापणी थोडे दिवस जड होते, तेही त्यांनी लपवलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून त्यांनी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं.

आईने माझ्याकडे बघितलं. मी "घे ना" म्हटलं. फार पटकन म्हटलं.

खुर्चीत बसवून बाई म्हणाल्या, "आई, आता रागावून दाखवा. स्नायू कुठे आहे ते बघते."

"कुणावर रागावू?" आईने विचारलं, आणि मी हसले. तिने खरंच भुवया आवळल्या. बारीक सुईने चार-पाच ठिकाणी टोचून झालं. काही तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, एवढंच पथ्य. परतताना बसमध्ये ती हळूच म्हणाली, "कुकवाच्या जागंवरच टोचलं गो. हे बरं नाय झालं. रांडमुंड बाईनं कपाळ सजवायचं."

"आई, सजवलं कुठे? औषध आहे ते."

तिने पदर कपाळावर पुढे ओढून घेतला.

तीन-चार दिवस काहीच दिसलं नाही. पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी कामावरून आले, आईने दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकले. माझी वाट बघत बसलेली, मला बघून बरं वाटलेली एक बाई समोर उभी होती. रेघा होत्या, पण विरलेल्या. डोळे मोठे दिसत होते. "काय गो, आत ये की," ती म्हणाली.

आदल्या वर्षी माझं पोट पडलं होतं. ते मी तिला कळवलं नव्हतं. त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता सांगून टाकलं. तिने विळी बाजूला सारली आणि माझा हात धरला. "तवाच का नाय सांगितलंस?"

तुझ्या कपाळाला भिऊन, असं कसं सांगणार? मी म्हटलं, राहून गेलं. पण मला त्या क्षणापासून अपराधी वाटायला लागलं. माझी आई तीच होती. तिच्या बोलण्यात, हातात काही बदललं नव्हतं. बदललं होतं ते एका स्नायूचं काम, आणि तेवढ्यावर मी तिच्या जवळ सरकले होते. शिवाय मला हा चेहरा जास्त आवडत होता. मी तिच्याकडे बघत बसायचे आणि तिला ते कळायचं.

श्रावणात तिला पेणला पोचवायला निघाले तेव्हा मीच म्हटलं, "आधी रोह्याला जाऊ. ताईकडे."

ताई माझी मोठी बहीण. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात राहायची, नवरा कंपनीत शिफ्टला. तिला आपल्या भावाच्या मुलाला द्यायची, असा शब्द आईने भावाला दिला होता. ताईने तो मोडला आणि स्वतः पसंत केलेल्या मुलाशी लग्न केलं. मामाने आमच्याकडे येणं सोडलं. लग्नात आई मांडवात भुवया आवळून उभी होती, ते ताईने मनात धरलं. त्यानंतर ती भाऊबीजेला गावी यायची, आमच्या भावाला ओवाळून जायची, आईशी कामापुरतं बोलायची. आई तिच्या घरी बारशाला गेली होती, त्यानंतर नाही.

ताईने दार उघडलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. बघतच राहिली. आई म्हणाली, "बारीक झालीस गो." एवढंच. ताईचा चेहरा कसातरी झाला आणि ती तिथेच रडायला लागली.

आम्ही दोन दिवस राहिलो. ताई आईला सोडेना. नवऱ्याच्या शिफ्टचं, मुलांच्या शाळेचं, सासूच्या आजारपणाचं, इतक्या वर्षांचं साठलेलं सांगत सुटली. आई ऐकत होती. एकदा चहा गाळताना ताई मला म्हणाली, "आईने मला माफ केलं, नाही गो? तोंडावरच दिसतंय." मी साखरेचा डबा उघडला, बंद केला, आणि "हो" म्हटलं.

परतीच्या वाटेवर नागोठण्याला अंबा नदीला पाणी चढलं होतं, एसटी थांबवून ठेवली होती. लोक खाली उतरून पाणी बघत होते. आई जागेवरच बसून होती.

"ती माझ्याशी बोलली की त्या सुईशी?" तिने विचारलं.

"असं काय बोलतेस?"

"मी पोरीला फसवली."

"तू एक शब्द खोटा बोलली नाहीस आई."

"शब्द नाय. तोंड खोटं होतं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुला पण हेच तोंड बरं वाटतं. व्हय ना?"

मी पाणी उतरतंय का ते बघायला खाली गेले.

भाऊबीजेपर्यंत औषधाचा जोर ओसरला होता. मी गावी पोचले तेव्हा आई अंगणात उन्हात उभी होती आणि भुवया पुन्हा जवळ आलेल्या होत्या. अजून पूर्वीइतक्या नाही, पण आठी ओळखू येत होती. दुपारी ताई मुलांना घेऊन आली. हसत आत शिरली, आईला बघितलं, आणि तिचं हसू जागच्या जागी राहिलं. मुलांना भावाच्या मुलांत सोडून ती मागच्या पडवीत माझ्याकडे आली.

"काय झालं गो? मी काय केलं? आई पुन्हा तशीच बघतेय."

"ताई, ऐक..." मी म्हटलं. पण कसं सुरू करावं ते सुचेना. तेवढ्यात आई पडवीच्या दारात येऊन उभी राहिली. तिने ऐकलं होतं.

"तिला इचारू नको, मला इचार," आई म्हणाली. तिने दोन भुवयांच्या मधे बोट ठेवलं. "हितं मुंबईला सुई घेतली व्हती. तिनं ही आठी झोपते. चार महिने झोपते, मग उठते. तू बघितलंस ते औषध व्हतं."

ताईला कळायला वेळ लागला. "म्हणजे वरसेला आलेली ती तू नव्हतीस?"

"मीच व्हते."

"आणि ही?"

"ही पण मीच हाय." आई खाली बसली. "तुझ्या लग्नात राग व्हता. भावाला दिलेला शब्द मोडला, राग येणार नाय? पण तुझं पहिलं पोर मांडीवर घेतलं तवा गेला. तो गेला हे मला ठाऊक. तुला सांगायचं असतं, ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, दिसत असंल."

 ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला माहीत होतं. चहा गाळताना मी विचारलं तेव्हा माहीत होतं."

ती त्या रात्री राहणार होती, पण भावाला ओवाळून झाल्यावर राहिली नाही. दिवस मावळायच्या आत मुलांना घेऊन एसटी स्टँडवर गेली.

मी आईला म्हटलं, "बाईंना विचारते. पुन्हा घेऊ या का? मी पैसे भरीन."

"कशाला? चार महिन्यांनी तिला पुन्हा सांगत बसू?"

मी मुंबईला आले. क्लिनिकमध्ये बायका खुर्चीत बसत, डॉक्टरीणबाई म्हणत, "रागावून दाखवा," आणि मी त्यांचं डोकं हलू नये म्हणून धरून उभी राहायचे. ज्यांना आपला चेहरा नकोसा झालाय त्यांनी तो बदलावा, त्यात मला वावगं वाटत नव्हतं. पण आईला तिचा चेहरा कधी नकोसा नव्हता. नकोसा झाला होता तो आम्हाला. खुर्चीत मात्र ती बसली होती.

पौषात वहिनीचा शेजारच्यांच्या फोनवरून निरोप आला, आई एकटीच वरसेला गेलीय. कधी एकटी एसटीत न बसलेली बाई वडखळला गाडी बदलून गेली होती. तिला आणायला मी पुढच्या रविवारी रोह्याला गेले.

ताईने दार उघडलं. माझ्याशी ती अजून मोकळी झाली नव्हती. "आली त्या दिवशी दारात बघितलं तर कपाळ तस्संच," ती म्हणाली. "दार लोटून घ्यावंसं वाटलं, खोटं नाही सांगत. मग म्हटलं, ये."

"काय म्हणाली?"

"काही नाही. वालाच्या शेंगा आणल्या होत्या. सोलत बसलो."

जेवणं झाल्यावर ताईने आईला पाटावर बसवलं आणि मागे बसून तिच्या केसांना तेल लावायला लागली. तेल लावता लावता बोलत होती, थोरल्याच्या मास्तरांबद्दल, विहिरीच्या पाण्याबद्दल. आई "व्हय", "नाय" म्हणत होती. मागे बसल्यावर कपाळ दिसत नाही, हे माझ्या ध्यानात आलं. मी समोर बसले होते, मला दिसत होतं. दारातून उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर येत होती आणि आठी पूर्वीइतकीच खोल पडली होती.

"तू पण बोल की गो काय तरी," आई मला म्हणाली.

मी दार थोडं लोटून घेतलं, ऊन अडवलं, आणि काय बोलावं ते शोधत बसले.