पानमळ्यात बाई

१९५५ च्या हिवाळ्यात एका सोमवारी सकाळी माझी आई आमच्या पानमळ्यात शिरली. तोवर त्या मळ्यात बाई गेली नव्हती.

मळा एरंडोलजवळ होता. बाईची सावली पडली की नागवेल कुजते, असं गावात सगळे मानत. आई लग्न होऊन आल्यापासून कुंपणाबाहेर बसून पानं निवडत असे. त्या हिवाळ्यात वेलांना आधार देणारी शेवरीची झाडं छाटताना वडील पडले, पाय मोडला. वेल वाढले होते. चार दिवसांत बांधायला घेतले नाहीत तर वाऱ्याने आडवे होणार होते, आणि घर मळ्यावरच चालत होतं. मी धुळ्याला एका साप्ताहिकात होतो. रजा घेऊन आलो आणि बांधताना पहिल्याच ओळीत तीन शेंडे मोडले.

शेजारच्या मळेवाल्या भाऊंना विचारलं, बाईमुळे कुजलेला मळा तुम्ही पाहिलात का?

"मी नई देखं. पिंपळनेरकडे व्हयेल शे."

आमच्या छापखान्यात खिळे जुळवणारा पिंपळनेरचा एक जुळारी होता. तो सांगे, हे एरंडोलकडे घडलं.

आईने माझ्या हातातला, वेल बांधायचा लव्हाळ्याच्या गवताचा जुडगा घेतला. "बठ्ठा मळा मोडशी तू. सरक." चपला काढून ती आत गेली.

आत ऊन पोचत नसे. उजेड हिरवा होता, तळ्याच्या तळाशी असावा तसा. ओल्या मातीचा गारवा होता. चार ओळी पुढे आईचं लुगडं पानांत दिसेनासं झालं. लव्हाळा चिरल्याचा बारीक आवाज तेवढा येत राहिला, कधी जवळून, कधी फार लांबून. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही.

बांधावरून भाऊ ओरडले, "वहिनी, नऊ दिनमा कुजी जाई!"

पानांतून उत्तर आलं, "मंग दहावा दिनले पानं लई जा, भाऊ."

संध्याकाळी वडिलांना कळलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ते आईशी बोलले नाहीत. ती रोज आत जात राहिली.

पंधरा दिवसांनी त्यांनी बैलगाडी जुंपायला लावली. गाडी कुंपणाशी थांबली. भाऊही आले होते. वडील गाडीतूनच आत पाहत राहिले. शेंड्यांना नवी पानं आली होती, पोपटी, अजून पुरती न उलगडलेली. आई लव्हाळा घेऊन कुंपणाशी उभी होती.

मग वडील आईला म्हणाले, "तिकडनी ओळ बाकी शे."

आईने चपला काढल्या आणि ती आत गेली.