मयतावरचा धवला

अथर्व आजही समोर दिसला तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पनवेलात तो फिल्म क्लब चालवायचा. मल्याळी सिनेमा पुराणकथांतून आणि रडारडीतून बाहेर कसा पडला, जात, आखातात गेलेल्यांची घरं, स्वयंपाकघरात पिचणारी बाई हे सगळं कसं दाखवू लागला, यावर तासभर बोलायचा. केरळ जणू यानेच वसवलं होतं.

माझी भामाआत्या धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात तिचा मान भटजीआधी. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय आमच्याकडे हळद लागत नसे.

आत्याच्या चाळीत लिसी नावाची केरळची नर्स भाड्याने राहायची. दोघी मोबाईलवर मल्याळी सिनेमे बघत, लिसी मोडक्यातोडक्या मराठीत अर्थ सांगे.

"यांच्या शिनमातले कोली बग, खऱ्या कोल्यांसारखे दिसतान," आत्या म्हणायची. "आमाला मराठी शिनमात नुसता सोना घालून नाचवतान."

"आमचेपण पहिले असेच होते," लिसी म्हणाली. "घरं मोठ्या लोकांची, आम्ही नोकर. मग आमच्यातले लोक कॅमेऱ्यामागे गेले."

लिसी क्लबात जायची. तिच्याकडूनच अथर्वला आत्या कळली. आला, ओटीवर बसला, सुक्या बोंबलाचं कालवण चाटूनपुसून खाल्लं आणि म्हणाला, "आत्या, मल्याळीसारखा खराखुरा सिनेमा करायचाय. तुम्ही गा."

"गाईन. पन धवला मांडवातलाच दाखवायचा. दुसरीकडं लावायचा नाय."

त्याने मान डोलावली, हलकटाने.

त्याचा सिनेमा तयार होऊन हॉलमध्ये दाखवला तेव्हा आत्या नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. पडद्यावर एका मिठागरवाल्याचं मयत निघालं आणि त्यावर आत्याचा धवला सुरू झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने पदर तोंडाला लावला.

मी त्याला बाहेर गाठलं. "अरे, तिने सांगितलं होतं ना?"

"तो कॉन्ट्रास्ट आहे," तो म्हणाला. "प्रेक्षकाला धक्का बसायला नको?"

मल्याळी सिनेमातून याने कॅमेरा कुठे ठेवायचा ते उचललं. माणसाला दिलेला शब्द पाळणं त्याच्या अभ्यासात नव्हतं. कानफटात मारायची राहून गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

मयताच्या त्या दृश्याची क्लिप गावोगाव फिरली. माझ्या बहिणीचं, मनिषाचं लग्न तोंडावर आलेलं. जासईच्या व्याह्यांनी निरोप धाडला, धवलारीण दुसरी बघा. मी भांडायला निघालो. बाबांनी मला अडवलं आणि आत्याच्या दारात जाऊन खाली मान घालून उभे राहिले. व्याह्यांचा निरोप आत्याला आधीच कळला होता.

आत्याच म्हणाली, "त्यांचा काय चुकला? मयतावर वाजलेला धवला मी माज्या मनिषाच्या हलदीला गाईन काय?"

हळदीला आत्या आली, मनिषाला हळद लावली. दुसरी बाई गात होती. ओळी आत्याला तोंडपाठ, पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते.